'सिन्स टू इयर्स' पुन्हा पुन्हा का येतं? इंग्रजीतल्या कालावधीच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती

लक्षण ओळखीचं आहे. शाळेत 'सिन्स' आणि 'फॉर'चा नियम घोकून झालेला असतो, परीक्षेत गाळलेल्या जागाही बरोबर भरल्या जातात. आणि तरी ईमेल लिहायला बसलं की बोटं 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असंच लिहितात. कुणी दाखवून दिलं की जीभ चावायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

पुण्यातल्या एका सपोर्ट टीमचे ईमेल बाहेर जाण्याआधी डोळ्यांखालून घालणं हे माझं काम. बाकीच्या चुका माणसागणिक वेगळ्या निघतात: कुणाचा 'द' सुटतो, कुणाचं स्पेलिंग. काळ-वेळेच्या चुका मात्र सगळ्यांच्या एकसारख्या. नागपूरचा मुलगा असो की कुडाळची मुलगी, इंग्रजी माध्यम असो की जिल्हा परिषदेची शाळा, 'सिन्स टू इयर्स' आणि 'टिल सिक्स' यांतून कुणाची सुटका नाही. इतक्या जणांची चूक इतकी सारखी येते म्हणजे ती हुशारीशी किंवा अभ्यासाशी संबंधित नसणार. वाक्य डोक्यात मराठीत जुळतं त्याच क्षणी बिघाड झालेला असतो, आणि उपायही तिथेच करावा लागतो. आधी मराठी वाक्य जरा फिरवायचं, मग ते इंग्रजीत न्यायचं. खाली जे उपाय दिलेत ते सगळे याच जातीचे आहेत.

बिघाड कुठे आहे

'पासून', 'पर्यंत', 'नंतर', 'आधी' आणि शब्दाला चिकटणारा 'त'. मराठीत काळाचा बहुतेक कारभार एवढ्यांवर चालतो, आणि यातल्या प्रत्येकाकडे किमान दोन कामं असतात. 'सोमवारपासून ताप आहे' आणि 'तीन दिवसांपासून ताप आहे' या दोन्हींत 'पासून'च. पहिल्यात ताप कधी सुरू झाला ते कळतं, दुसऱ्यात तो किती काळ चाललाय ते. आपण ऐकताना कधी गोंधळत नाही, कारण 'सोमवार' आणि 'तीन दिवस' हे शब्दच फरक सांगून मोकळे होतात. इंग्रजीत मात्र या दोन कामांना दोन वेगळे शब्द लागतात, आणि कुठला घ्यायचा हे बोलण्याआधी ठरवावं लागतं.

यात आपण एकटे नाही, हे ऐकून बरं वाटावं. जर्मनमधलं 'झाइट' आणि फ्रेंचमधलं 'दप्वी' अगदी आपल्या 'पासून'सारखे वागतात: तारखेलाही तेच, मुदतीलाही तेच, आणि सोबत साधा वर्तमानकाळ. म्हणून बर्लिनचा इंजिनिअरही पहिल्या वर्षी 'आय वर्क हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' असंच म्हणतो. हिंदीतला 'से'ही त्याच पंगतीतला.

'पासून': झाली-चाचणी

'फॉर' मुदतीला, 'सिन्स' आरंभाला, हा नियम बरोबर आहे. पण बोलताना तो वापरता येत नाही. त्याऐवजी मराठीतच एक चाचणी करा. 'पासून' काढून टाका आणि वाक्याच्या शेवटी 'त्याला अमुक झालं' असं बसतंय का बघा.

'मी इथे पाच वर्षांपासून काम करतोय.' काम करतोय, त्याला पाच वर्षं झाली. बसलं, म्हणजे 'फॉर फाइव्ह इयर्स'.

'तीन दिवसांपासून लॉगिन होत नाहीये.' त्याला तीन दिवस झाले. बसलं, 'फॉर थ्री डेज'.

'मी २०१९ पासून काम करतोय.' काम करतोय, त्याला २०१९ झालं? छे. कानालाच खटकतं. म्हणजे 'सिन्स'.

'लग्न झाल्यापासून', 'सकाळपासून', 'बदली झाली तेव्हापासून', यांपैकी एकालाही 'त्याला … झालं' चालत नाही. सगळीकडे 'सिन्स'. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. 'गाडी धावतेय, त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली' हे छान बसतं, म्हणून 'फॉर मोअर दॅन नाइन्टी इयर्स'. 'त्याला १९३० झालं' कुणी म्हणणार नाही, म्हणून 'सिन्स नाइन्टीन थर्टी'. गाडी तीच, वस्तुस्थिती तीच. तुम्ही आरंभ सांगताय की मुदत, एवढाच प्रश्न.

ही चाचणी मला नियमापेक्षा जास्त आवडते, कारण तिला व्याकरणाचं एकही नाव लागत नाही आणि ती बोलता बोलता अर्ध्या सेकंदात होते. शिवाय 'त्याला दोन वर्षं झाली' हे मराठी वळण जसंच्या तसं इंग्रजीतही आहे: 'इट्स बीन टू इयर्स'. अडलात तर सरळ ते वापरा.

आता खाचखळगे.

'सिन्स लास्ट मंथ' बरोबर आणि 'सिन्स लास्ट टू मंथ्स' चूक. इथे पुष्कळजण वैतागतात. 'गेला महिना' हा कॅलेंडरवर दाखवता येणारा एक टप्पा आहे. 'गेले दोन महिने' ही लांबी आहे. झाली-चाचणी लावा: 'त्याला दोन महिने झाले' बसतं. म्हणून 'फॉर द लास्ट टू मंथ्स'. त्यातला 'द'ही महत्त्वाचा, आणि नेमका तोच गळतो. 'फ्रॉम लास्ट टू मंथ्स' हा या चुकीचा जुळा भाऊ. त्यालाही हेच औषध.

'सिन्स लाँग' ही 'बऱ्याच दिवसांपासून'ची थेट नक्कल. इंग्रजीत 'फॉर अ लाँग टाइम'. 'फॉर लाँग' किंवा नुसतं 'लाँग' असंही आहे, पण ते प्रश्नात आणि नकारात शोभतं: 'हॅव यू बीन वेटिंग लाँग?', 'आय वोन्ट बी लाँग'.

'सिन्स मॉर्निंग' आपल्याकडे सर्रास चालतं. लंडन-न्यूयॉर्कला 'सिन्स धिस मॉर्निंग' लागतं. आपण 'सकाळपासून' म्हटलं की आजचीच सकाळ, हे गृहीत धरतो. ते लोक धरत नाहीत.

आणि एक पळवाट. होकारार्थी वाक्यात 'फॉर' बऱ्याचदा गाळलेला चालतो, आणि ज्यांची ती मातृभाषा आहे ते बोलताना तो गाळतातही: 'आय हॅव बीन हिअर फाइव्ह इयर्स', 'वी स्टेड थ्री मंथ्स', 'वेट अ मिनिट'. 'सिन्स' मात्र कधीच गाळता येत नाही. त्यामुळे बोलताना फॉर की सिन्स असा पेच पडला आणि पुढे मुदत असेल, तर काहीच न लावता मुदत सांगून मोकळं व्हा. नकारार्थी वाक्यात ही सूट नाही. तिथे 'आय हॅवन्ट सीन हिम फॉर इयर्स' असं पूर्ण म्हणावं लागतं. अमेरिकेत याच जागी 'इन इयर्स' ऐकू येईल. दोन्ही ठीक.

निम्मी दुरुस्ती करून थांबू नका

'सिन्स'चं 'फॉर' केलं की काम झालं असं वाटतं, आणि वाक्य होतं: 'आय ॲम वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. हे अर्धंच बरं झालेलं दुखणं. वाईट म्हणजे याचा अर्थच बदलतो.

मराठीत 'पाच वर्षांपासून काम करतोय' यात 'करतोय' हा चालू वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत मागून सुरू होऊन आत्तापर्यंत पोचलेल्या गोष्टीला 'हॅव बीन वर्किंग' लागतं. नुसतं 'आय ॲम हिअर फॉर टू वीक्स' म्हटलं तर समोरचा समजतो की तुमचा एकूण मुक्काम दोन आठवड्यांचा आहे, म्हणजे पुढचे दिवसही त्यात आले. 'आय हॅव बीन हिअर फॉर टू वीक्स' म्हणजे येऊन दोन आठवडे झाले.

हा फरक कुठे अंगाशी येतो? अमेरिकेतल्या विमानतळावर. मुलाकडे निघालेल्या आई-बाबांना इमिग्रेशनचा अधिकारी विचारतो, 'हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?' त्याला पुढचा मुक्काम किती हे हवं असतं. उत्तर 'थ्री मंथ्स'. एवढंच. पूर्ण वाक्य करण्याच्या नादात 'वुई आर हिअर सिन्स…' सुरू झालं की पुढचे चार प्रश्न वाढतात. 'हाऊ लाँग हॅव यू बीन…' अशी सुरुवात ऐकू आली तरच मागचा हिशोब सांगायचा. आई-बाबांना घरून निघण्याआधी एवढी दोन वाक्यं कानावरून घाला. बाकी इंग्रजी त्यांना येतं तेवढं पुरतं.

उलट बाजूने, गोष्ट संपलेली असेल तर साधा भूतकाळ. सचिन तेंडुलकर १९८९ ते २०१३ भारताकडून खेळला: 'ही प्लेड फॉर इंडिया फॉर ट्वेंटी फोर इयर्स'. (पहिला 'फॉर' देशाचा, दुसरा काळाचा, दोघांची गल्लत करू नका.) आता इथे 'हॅज प्लेड' म्हटलं तर तो अजून मैदानात आहे असं होईल. मुलाखतीत हीच गोष्ट नोकरीबद्दल घडते. 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स' म्हटलं की समोरच्याने मनात लिहून घेतलं: सोडली. तुम्ही अजून तिथेच असाल आणि नोटिस पिरियडचा प्रश्न त्याने विचारलाच नाही, तर गोंधळ त्याचा नाही.

प्रश्नाचंही तेच. 'कधीपासून त्रास होतोय?' याला 'फ्रॉम हाऊ मेनी डेज' किंवा 'सिन्स हाऊ मच टाइम' नको. 'हाऊ लाँग हॅव यू हॅड धिस प्रॉब्लेम?' 'हाऊ लाँग' हे मुदतीचं सगळ्यात कामाचं जोडपं आहे, आणि आपल्या ईमेलमध्ये ते क्वचित दिसतं.

'पर्यंत': खरा महाग बिघाड

'सिन्स टू इयर्स' कानाला खटकतं, पण अर्थ पोचतो. 'पर्यंत'ची चूक कानाला खटकतही नाही आणि अर्थ उलटा पोचवते. म्हणून माझ्या यादीत ती पहिल्या नंबरवर आहे.

एका ग्राहकाला गेलेला ईमेल असा होता: 'द सर्व्हर विल बी अप टिल सिक्स पीएम.' लिहिणाऱ्याच्या मनात होतं, सर्व्हर बंद आहे, सहापर्यंत सुरू होईल. वाचणाऱ्याने वाचलं, सर्व्हर सहापर्यंत चालू राहील, मग बंद पडेल. त्याने घाईघाईने आपल्या माणसांना कामं आटपायला लावली, ती होईनात, कारण सर्व्हर मुळात बंदच होता. मग फोन, मग त्याच्या वरिष्ठांचा फोन. व्याकरण तपासणारं कुठलंही सॉफ्टवेअर हे वाक्य लाल करत नाही, कारण त्यात व्याकरणाची चूकच नाही.

मराठीत 'सहापर्यंत सुरू राहील' आणि 'सहापर्यंत सुरू होईल', दोन्हीकडे 'पर्यंत'. पहिल्यात काहीतरी सहा वाजेस्तोवर चालत राहतं, तिथे 'अंटिल' किंवा 'टिल'. दुसऱ्यात काहीतरी सहाच्या आत केव्हातरी घडून जातं, तिथे 'बाय'. ओळखायची युक्ती पुन्हा मराठीतलीच: 'पर्यंत'च्या जागी 'उशिरात उशिरा' घालून बघा. 'उशिरात उशिरा सहाला सुरू होईल' बसतं, म्हणून 'बाय सिक्स'. 'उशिरात उशिरा सहाला सुरू राहील' बसत नाही. तिथे 'सहा वाजेस्तोवर' बसतं, म्हणून 'अंटिल सिक्स'.

'रिपोर्ट शुक्रवारपर्यंत पाठवतो': उशिरात उशिरा शुक्रवारी पाठवतो. 'बाय फ्रायडे'. 'टिल फ्रायडे' लिहिलंत तर शुक्रवारपर्यंत रोज रिपोर्ट पाठवत बसणार आहात, असा अर्थ निघतो.

'दुकान नऊपर्यंत उघडं असतं': नऊ वाजेस्तोवर. 'अंटिल नाइन'.

'उद्यापर्यंत थांबा': 'अंटिल टुमॉरो'. 'उद्यापर्यंत कळवा': 'बाय टुमॉरो'.

पुढचा पेच: 'अंटिल फ्रायडे' मध्ये शुक्रवार धरायचा की नाही? आपण 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे' म्हटलं की शुक्रवारीही माणूस नाही, असंच धरतो. इंग्रजीत 'आय ॲम अवे अंटिल फ्रायडे' वाचून कित्येकजण शुक्रवारी सकाळीच तुम्हाला फोन लावतात. अमेरिकन लोकांनी यावर 'थ्रू' काढला आहे: 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणजे शुक्रवार धरून. ब्रिटनमध्ये हा 'थ्रू' रोजच्या बोलण्यात तितका रुळलेला नाही. तिथे 'अप टू अँड इन्क्लुडिंग फ्रायडे' असं लांबलचक लिहितात. या भानगडीत पडूच नका. रजेच्या उत्तरात परत येण्याचा दिवस लिहा: 'आय विल बी बॅक ऑन मंडे, द ट्वेल्फ्थ'. वार आणि तारीख दोन्ही.

'जोपर्यंत… नाही'

'पर्यंत'चीच ही एक उपशाखा, पण इतकी चिवट की तिला वेगळी जागा द्यावी लागते. 'जोपर्यंत तुम्ही रीस्टार्ट करत नाही तोपर्यंत अपडेट दिसणार नाही.' शुद्ध मराठी. इंग्रजीत होतं: 'अंटिल यू डोन्ट रीस्टार्ट, यू विल नॉट सी द अपडेट.' आणि वाचणारा डोकं खाजवतो.

मराठीला या रचनेत पहिला 'नाही' हवाच असतो. इंग्रजीत 'अंटिल'च्या पुढे तो गेला की वाक्य उलटं होतं. दुरुस्ती मराठीतच करा: 'जोपर्यंत करत नाही' टाका आणि 'करेपर्यंत' म्हणा. 'तुम्ही रीस्टार्ट करेपर्यंत अपडेट दिसणार नाही.' पहिला 'नाही' आपोआप गेला. आता इंग्रजीत न्या: 'यू वोन्ट सी द अपडेट अंटिल यू रीस्टार्ट.' येईपर्यंत, मिळेपर्यंत, संपेपर्यंत, सगळ्यांना हेच. आपल्या भाषेत हा आखूड पर्याय तयार असताना लांबचा रस्ता का धरायचा?

'त', 'नी', 'नंतर', 'आधी'

लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं होते, आणि गीतेवरचा आपला ग्रंथ त्यांनी तिथे काही महिन्यांत लिहून काढला. या एका वाक्यात 'फॉर' आणि 'इन' शेजारी शेजारी येतात. सहा वर्षं राहिले, ती नुसती मुदत: 'फॉर सिक्स इयर्स'. काही महिन्यांत लिहून काढला, म्हणजे काम पुरं झालं आणि त्याला एवढा वेळ लागला: 'इन अ फ्यू मंथ्स'. मराठीत 'त' लागला तिथे इंग्रजीत 'इन' लागला. इथवर सरळ आहे.

भविष्याकडे वळलं की घोळ होतो. 'दोन दिवसांनी फोन करतो' याचं 'आय विल कॉल आफ्टर टू डेज' केलं जातं. समजतं, पण आजपासून मोजायचं असेल तर इंग्रजीत 'इन टू डेज' म्हणतात. म्हणजे 'दोन दिवसांत' आणि 'दोन दिवसांनी', दोघांनाही 'इन'! मग 'दोन दिवसांच्या आत, केव्हाही' हे सांगायचं कसं? 'विदिन टू डेज'. करारात आणि तक्रारीच्या उत्तरात हा शब्द न चुकता लिहा. 'वी विल रिस्पॉन्ड इन फोर अवर्स' वाचून काहीजण चार तास शांत बसतील आणि काहीजण पंधराव्या मिनिटापासून वाट बघतील. 'विदिन फोर अवर्स' मध्ये दोन मतं होत नाहीत.

'आफ्टर' गोष्ट सांगताना चालतो: 'आफ्टर टू डेज ही केम बॅक'. आजपासून पुढे मोजताना नको. 'आधी'चं तर सोपंच आहे: आजपासून मागे मोजायचं असेल तर 'टू डेज अगो'. 'बिफोर टू डेज' कुठेच नको.

आठ दिवस, पंधरा दिवस, परवा

इथे शब्द बरोबर येतात आणि आकडा चुकतो. आपण 'आठ दिवसांनी ये' म्हणतो तेव्हा आज सोमवार असेल तर पुढचा सोमवार अभिप्रेत असतो. आजचा दिवस धरून मोजायची जुनी पद्धत. 'आठवडा' या शब्दातच ती बसलेली आहे. तसंच 'पंधरा दिवसांनी'. इंग्रजीत 'इन एट डेज' म्हटलं की समोरचा कॅलेंडर उघडून आठ घरं मोजतो आणि मंगळवारवर थांबतो. 'फिफ्टीन डेज'चंही तेच. आठवडा म्हणायचं असेल तर 'अ वीक', पंधरवडा म्हणायचा असेल तर 'टू वीक्स'. फ्रेंच लोकही बोलताना आठवड्याला आठ दिवस आणि पंधरवड्याला पंधरा दिवस म्हणतात, पण इंग्रजांचा 'फोर्टनाइट' चौदा रात्रींचा आहे. त्यांनी रात्री मोजल्या, म्हणून त्यांचा हिशोब एकाने कमी. 'फोर्टनाइट' ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि आपल्याकडे चालतो. अमेरिकन माणसाला तो बोलीत नवखाच, तिथे 'टू वीक्स'.

'परवा' हा आपला आणखी एक लबाड शब्द. मागचाही तोच, पुढचाही तोच, आणि 'परवाच भेटला होता' मध्ये तर तो आठवड्याभरापूर्वीचा कुठलाही दिवस असू शकतो. या तिसऱ्या अर्थाला इंग्रजीत नेमका 'द अदर डे' आहे. 'डे बिफोर यस्टर्डे' लिहाल तर ती तारीख धरली जाईल. आणि 'दोन-चार दिवसांत' याचं 'टू-फोर डेज' करू नका, कुणाला कळत नाही. 'इन अ फ्यू डेज'.

किरकोळ दुरुस्त्या, घाईघाईने

'आय वॉज बिझी होल डे' मध्ये एक 'द' हवा: 'द होल डे'. किंवा सरळ 'ऑल डे', त्याला 'द' नको. 'ड्युरिंग'पुढे घटना येते, आकडा येत नाही: 'ड्युरिंग द मीटिंग', पण 'फॉर टू अवर्स'. दीड तास म्हणजे 'ॲन अवर अँड अ हाफ' किंवा 'वन अँड अ हाफ अवर्स'. मधला 'अ' आपण हमखास खातो, कारण दीड आणि अडीच आपल्याकडे अखंड शब्द आहेत. 'दहा मिनिटांचं चालणं' असं विशेषण करताना 'मिनिट'ला 'स' लागत नाही: 'अ टेन-मिनिट वॉक', 'अ टू-इयर कोर्स'. 'टिल डेट' आपल्याकडच्या कागदपत्रांत घट्ट बसलाय. बाहेर 'टू डेट' किंवा 'सो फार' लिहा.

शब्दकोश जिथे फसवतो

'फॉर गुड' म्हणजे कायमचं. 'शी हॅज लेफ्ट फॉर गुड' यात तिचं भलं झालं की नाही याबद्दल चकार शब्द नाही. 'फॉर नाऊ' आणि 'फॉर द टाइम बीइंग' म्हणजे तूर्तास. तात्पुरता उपाय केलाय, पक्का अजून व्हायचाय, हे सांगायला ग्राहकाच्या ईमेलमध्ये यांच्याइतकं सोयीचं काही नाही.

'व्हाइल'चं कुटुंब एकत्र लक्षात ठेवावं. 'फॉर अ व्हाइल' थोडा वेळ, 'इन अ व्हाइल' थोड्या वेळाने, 'अ व्हाइल अगो' थोड्या वेळापूर्वी, 'वन्स इन अ व्हाइल' अधूनमधून. मराठी प्रत्यय आणि इंग्रजी शब्द इथे इतके चपखल जुळतात की सरावाला याच चौकडीने सुरुवात करावी. एकच अपवाद: 'हॅवन्ट सीन यू इन अ व्हाइल' म्हणजे बऱ्याच दिवसांत दिसला नाहीस. आणि गंमत म्हणजे तिथे मराठीतही 'त'च आहे.

'मोमेंटरिली'पासून जरा जपून. अमेरिकेत विमानातली घोषणा 'वी विल बी लँडिंग मोमेंटरिली' म्हणजे थोड्याच वेळात उतरू. जुन्या वळणाच्या ब्रिटिश माणसाला त्यात विमान क्षणभर उतरून पुन्हा उडणार असं ऐकू येतं. आपण दोघांनाही लिहितो, म्हणून 'शॉर्टली' बरा. ब्रिटिशांचाही एक चकवा आहे: 'फ्रायडे वीक' म्हणजे येत्या शुक्रवारनंतरचा पुढचा शुक्रवार. फोनवर ऐकलात तर तारीख विचारून घ्या, लाज वाटायचं कारण नाही. अमेरिकन लोकही विचारतात.

'पाच मिनिटांत पोचतो' हे आपल्याकडे वेळेचं माप नसून आश्वासन आहे, हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं. इंग्रजीत ते काम 'इन अ बिट', 'इन अ सेकंद', 'जस्ट अ मिनिट' करतात. 'सेकंद' म्हटलं म्हणून कुणी घड्याळ लावत नाही. पण 'फाइव्ह मिनिट्स' असा आकडा गेला की तो खरा धरला जाण्याची शक्यता जास्त. विशेषतः जर्मन ग्राहक असेल तर आकडा उच्चारण्याआधी दोनदा विचार करा.

कधी दुरुस्त करत बसू नये

शेजारच्या टेबलवरचा सहकारी 'आय ॲम ट्राइंग सिन्स टेन मिनिट्स' म्हणाला तर म्हणू द्या. भारतात ते सगळ्यांना कळतं, आणि बोलणाऱ्याला मधेच तोडून 'फॉर' सुचवणारा माणूस कुणालाच आवडत नाही. आयईएलटीएससारखी परीक्षा, परदेशी ग्राहक, नोकरीचा अर्ज आणि करार, या चार ठिकाणी मात्र सूट नाही. आणि 'बाय' व 'टिल'ला कुठेच सूट नाही. तिथे खटकण्याचा प्रश्न नसून तारीख चुकण्याचा आहे.

तरी चूक येतच राहिली तर

आपल्या 'सेंट' फोल्डरमध्ये जा आणि 'सिन्स' शोधा. प्रत्येक निकालात त्याच्या पुढचा शब्द बघा. 'लाँग' असेल, किंवा आकडा (आधी 'लास्ट', 'पास्ट' असो वा नसो) आणि त्यानंतर डेज, मंथ्स, इयर्स असेल, तर ते वाक्य बिघडलेलं आहे. २०१९ सारखं साल किंवा पाच वाजताची वेळ असेल तर ठीक. मग 'टिल' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी 'उशिरात उशिरा' घालून वाचा. मग 'आफ्टर' आणि 'बिफोर', पुढे आकडा असलेले तेवढेच. बहुतेकांच्या बाबतीत असं दिसतं की चुका विखुरलेल्या नसतात. तीच दोन-तीन वाक्यं वर्षभर चिकटवत आलेले असतात. ईमेलचे तयार साचे वापरत असाल तर आधी ते उघडा, कारण टीममधल्या दहाजणांची चूक एकाच साच्यातून आलेली असू शकते.

मोबाइलवरून लिहिणाऱ्यांसाठी वेगळं काम आहे. कीबोर्ड तुमचीच जुनी वाक्यं शिकलेला असतो. 'सिन्स' टाइप केलं की तो पुढे 'लास्ट टू' सुचवतो आणि अंगठा सवयीने ते दाबतो. बऱ्याच कीबोर्डमध्ये अशी सूचना दाबून धरली की ती काढून टाकायचा पर्याय येतो. ती काढा, आणि 'फॉर द लास्ट' हे तीन शब्द काही दिवस हाताने टाइप करा, म्हणजे कीबोर्ड तेच सुचवायला लागेल.